सरावाची नोंद

त्या वर्षी विहिरींनी लवकरच तळ गाठला आणि गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला लागली. करणार काय? पेरलेलं उगवलं नव्हतं आणि उगवलेलं टिकलं नव्हतं. गावाच्या वरच्या अंगाला खडीचं मशीन होतं, तेवढंच काय ते दिवसभर घरघरत असायचं. त्याची पांढरी धूळ घरांवर, झाडांवर आणि माणसांच्या भुवयांवर येऊन बसायची. तरणीताठी बाई सकाळी कामाला जायची आणि संध्याकाळी म्हातारी होऊन घरी यायची.

त्या धुळीतून रोज काटेवाली निघायची. बालकल्याणाच्या कार्यालयाची ती गावपातळीवरची बाई. खांद्याला झोळी, झोळीत मुलं तोलायचा लोंबता काटा, वही आणि पाण्याची बाटली. अकरा वस्त्या तिच्याकडे होत्या. कुणाचं मूल किती भरलं, कुणाचं खंगलं, कुणाला मार बसतो, कुणाला मागे टाकून आईबाप कामाला गेले, हे सगळं डोळ्यांनी बघायचं आणि वहीत लिहायचं. अधिकार काडीचा नाही आणि जबाबदारी डोंगराएवढी, अशातली ती नोकरी. पण घरात महिन्याच्या महिन्याला येणारं तेवढंच होतं, म्हणून ती टिकवून होती.

बारा वर्षं तिनं एक रीत पाळली होती. आधी घरचं, मग गावाचं. पहिल्यांदा काटा आला तेव्हा बायका मुलांना हात लावू देईनात. मूल तोललं की झुरतं, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. नणंदेची भिंगरी तेव्हा जेमतेम चार महिन्यांची... नाही, तेव्हा भिंगरी कुठली. तेव्हा दिराचा मुलगा होता, तो पुढे दुसरीकडे गेला. भिंगरी आली ती नवा काटा आला तेव्हा. पण रीत तीच. चौकात सगळ्यांसमोर घरचं लेकरू काट्याला टांगायचं, घरच्या लेकराच्या तोंडात डोसाचा पहिला थेंब घालायचा, मग मागून गावाची लेकरं आपोआप येतात. तिला स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे घरचं म्हणजे भिंगरीच.

भिंगरीची आई, म्हणजे काटेवालीची धाकटी नणंद, दोन वर्षांपूर्वी लेकीला कडेवर घेऊन माहेरी परत आली होती. नवऱ्यानं दुसरीकडे घर केलं होतं. त्याचा विषय घरात कुणी काढत नसे. सगळे तिला धाकटी म्हणायचे. ती दिवस उगवायच्या आत खडीवर जायची. काटेवालीचा नवरा विहिरी खोल करायच्या कामावर लांब गेलेला, पंधरवड्यातून एकदा यायचा, दोन दिवस नुसता झोपायचा आणि पुन्हा जायचा. घरात राहायच्या त्या सासूबाई, आणि त्यांच्या डोळ्यांतला उजेड कधीच गेला होता.

घराच्या मागेच जुनी खाण होती. चाळीस हात खोल, काठाला ना भिंत ना कुंपण. एकदा भिंगरी त्या काठावर पाय सोडून बसलेली सापडली होती. चार वर्षांचं पोर, पायाला भिंगरी म्हणूनच ते नाव पडलेलं. सासूबाई हाक मारत होत्या आणि ती "आले, आले" म्हणून तिथूनच ओ देत होती. त्या दिवसापासून दाराला बाहेरून कुलूप लागायला लागलं. घरातून सगळ्यांत शेवटी काटेवाली निघायची, तेव्हा कुलूप तीच लावायची. दुपारी दोनला येऊन तीच उघडायची. आत आजी आणि नात. आजीचे डोळे म्हणजे नात, नातीची सोबत म्हणजे आजी. दारावर थाप पडली की भिंगरी फटीला डोळा लावून सांगायची, "आजी, पाणीवाला आलाय. आजी, कुत्रं आलंय." 

आणि मग प्रशिक्षण आलं.

मोठ्या गावच्या सभागृहात तीन दिवस. सरकारनं ठरवलं होतं की मुलांच्या कल्याणाचं काम करणाऱ्या सगळ्या कार्यालयांची कुवत वाढवायची, त्यांना तांत्रिक साहाय्य द्यायचं. प्रत्येकीला एक पिशवी मिळाली, एक पेन, आणि पाटीएवढं एक मशीन. भिंतीवर हसणाऱ्या मुलांची चित्रं होती. गुबगुबीत होती सगळी.

"आता वही संपली," प्रशिक्षणाच्या मॅडम म्हणाल्या. त्या मनानं चांगल्या होत्या, घसा बसेपर्यंत बोलायच्या. "तुम्ही वहीत लिहिता, वही कपाटात जाते, कपाटाला वाळवी लागते. यात लिहिलंत की त्याच क्षणी वर दिसतं. मूल संकटात असेल तर गाडी निघते. व्यवस्था बळकट करायची आहे आपल्याला."

काटेवालीच्या शेजारी पलीकडच्या खोऱ्यातली थोराड बाई बसली होती, तिची जुनी मैत्रीण. ती कानात म्हणाली, "आपल्याला बळकट करतायत म्हणे. मग जेवणात एक अंडं तरी द्यायचं होतं."

काटेवालीला हसू आवरेना. पण खरं सांगायचं तर तिला मॅडमचं बोलणं पटत होतं. बारा वर्षांत तिनं किती वह्या भरल्या आणि त्यातून किती गाड्या निघाल्या? एकही नाही. टेकडीमागच्या वस्तीतलं एक पोर तिच्या डोळ्यांदेखत वाळून गेलं. तिनं तीनदा लिहिलं होतं, तिन्ही वेळा लाल शाईनं. तेव्हा हे मशीन असतं तर, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी सराव होता. "एक मूल घ्या आणि सगळी पानं भरा," मॅडम म्हणाल्या. "काही रिकामं ठेवायचं नाही. सगळे प्रश्न आले पाहिजेत."

बायकांनी मनाला येतील ती मुलं जन्माला घातली. थोराड बाईनं आपल्या साहेबांचंच नाव लिहिलं, वय तीन वर्षं टाकलं आणि "हट्टी आहे, अंथरूण ओलं करतो" असं पुढे जोडलं. सगळ्या ओळीत खसखस पिकली. काटेवालीचा हात मात्र पुढे सरकेना. नसलेलं मूल लिहायचं म्हणजे कसं? आणि गावातलं दुसऱ्याचं खरं मूल घ्यावं, तर त्याच्या घरातलं उणंदुणं इथं कशाला उघड्यावर मांडायचं? तिनं आपली रीत धरली. घरचं लेकरू घेतलं.

मशीन विचारत गेलं आणि ती सांगत गेली. वजन साडेदहा किलो. वय चार वर्षं दोन महिने. मूल दिवसा एकटं राहतं का?

तांत्रिक साहाय्याचे साहेब ओळींमधून फिरत होते. टक्कल पडलेले, घाईतले. तिनं विचारलं, "साहेब, आजी असते. पण तिला दिसत नाही. मग हो लिहू का नाही?"

"आजी मुलाला आवरू शकते?"

"तसं... नाही."

"मग हो करा."

मुलाला कोंडून ठेवतात का? हो. कोण कोंडतं? आई, वडील, अनोळखी व्यक्ती.

"साहेब, यात मामी नाही."

"आई करा हो. पुढचं पान तर उघडू द्या."

तिनं आईवर खूण केली. पुढचं पान उघडलं. मारहाण? नाही. पोटभर अन्न? तिनं थोडा विचार केला. खोटं कशाला लिहायचं? नाही. जवळपास धोक्याची जागा? हो, खाण, काठ उघडा. शेवटी "पाठवा" असं आलं.

"साहेब, हे कुठं जात तर नाही ना?"

"कुठं जाणार? सरावच आहे," साहेब पुढच्या ओळीत पोचले होते.

तिनं बोट टेकवलं. मशीन हिरवं झालं. सगळ्या सभागृहात एकटीची नोंद पूर्ण भरलेली निघाली, म्हणून मॅडमनी ती भिंतीवर मोठी करून दाखवली आणि टाळ्या वाजवायला लावल्या. काटेवालीला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. बारा वर्षांत तिचं काम कुणी भिंतीवर लावलं नव्हतं.

त्यानंतर अकराव्या दिवशी ती खालच्या वस्तीत एका बाळाला काट्याला बांधत होती तेव्हा फोन वाजला.

"तुमच्या हद्दीत एका मुलीला सोडवायला आलोय," पलीकडून बाईचा आवाज आला. "नियमाप्रमाणे तुम्ही हजर पाहिजे. दाराला कुलूप आहे. कुलूप तोडायचं की किल्ली मिळेल?"

"कुठलं घर?"

बाईनं सांगितलं. खाणीलगतचं, निळ्या दाराचं.

काटेवाली धावली. झोळी तिथंच राहिली. दीड मैलाची चढण, दुपारचं ऊन, घशात खडीची धूळ. घरापुढे पांढरी गाडी उभी होती, दोन बायका आणि एक शिपाई होता, आणि भोवती खडीवर न गेलेलं सगळं गाव. दाराच्या आतून भिंगरीचा आवाज येत होता, "आजी, गाडीवाले आलेत. तीन जण. एकीच्या डोळ्यांना चष्मा."

"किल्ली कुणाकडे असते?" चष्म्याच्या बाईनं विचारलं.

काटेवालीनं कमरेची किल्ली काढली. शिपायानं ती तिच्या हातून घेऊन कुलूप उघडलं. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या! म्हणजे चोरही हीच आणि फौजदारही हीच."

"बाई, हे माझंच घर आहे," ती सांगत सुटली. "ती नोंद सरावाची होती. साहेबांना विचारा. मॅडमना विचारा. भिंतीवर दाखवली होती हो सगळ्यांना."

चष्म्याच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती मागे जाऊन खाण बघून आली. उघड्या काठावर थोडा वेळ उभी राहिली. परत येऊन तिनं भिंगरीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "यातलं खोटं काय आहे, तेवढं सांगा," ती म्हणाली.

भिंगरी गाडीत बसायला मिळतंय म्हणून आनंदानं चढली. सासूबाई उंबऱ्यात हात पुढे करून चाचपडत राहिल्या, "अगं, कोण गेलं? कोण गेलं ते सांग की." सांगणारं गाडीत होतं.

धाकटी संध्याकाळी आली ती पांढरीफटक. तिला खडीवरच कळलं होतं, पण मुकादमानं सुटी होईपर्यंत सोडलं नव्हतं. ती ओरडली नाही. चुलीपाशी बसली, तोंडावरची धूळ पुसली, आणि म्हणाली, "माझं नाव लिहिलंस म्हणे. आई कोंडते म्हणून."

"मामी नव्हतं गं त्यात."

"हं," धाकटी म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस वहिनीशी कामापुरतंच बोलली.

काटेवालीनं मशीनच्या साहाय्य कक्षाला फोन लावले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तक्रारीचा नवा क्रमांक. एकानं शेवटी सांगितलं की मशीनमध्ये सरावासाठी वेगळी खिडकी होती, ती त्या दिवशी कुणी उघडूनच दिली नव्हती. बाकीच्या बायकांच्या नोंदी अर्धवट असल्यामुळे मशीननं टाकून दिल्या. हिची पूर्ण होती, म्हणून गेली.

"मग ती पुसा ना साहेब."

"पुसता येत नाही. त्यावर कार्यवाही झाली आहे. तुमची तक्रार समाधानकारक रीतीनं निकालात काढू का?"

चार दिवसांनी प्रशिक्षणाच्या मॅडमचा फोन आला. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "अभिनंदन! आपल्या तुकडीतून सुटलेलं पहिलं मूल तुमच्या नोंदीमुळे. वर फार कौतुक झालंय." काटेवालीनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्या बोलत राहिल्या.

गावात वेगळंच चाललं होतं. ती दिसली की बायका मुलांना आत ओढायच्या. "काटा नको बाई, आमचं बरंय." पाण्याच्या रांगेत एकजण तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "स्वतःची कूस रिकामी, म्हणून नणंदेची ओटी रिकामी केली." ती घागर तशीच घेऊन घरी आली. घराचं दार आता दिवसभर सताड उघडं असायचं. कोंडायला कुणी उरलं नव्हतं. सासूबाई वाऱ्यानं दार वाजलं तरी विचारायच्या, "कोण आलं गं?" आणि उत्तर न आलं की स्वतःशीच पुटपुटत बसायच्या. नवरा पंधरवड्यानं आला, सगळं ऐकलं, आणि या खेपेला झोपलाही नाही. खाणीच्या काठाला दोन दिवस दगड रचत राहिला. छातीइतकी भिंत झाली, तेव्हा कामावर परत गेला.

महिन्यानं बालकल्याण समितीचं बोलावणं आलं. त्याआधी थोराड बाई मुद्दाम येऊन गेली होती. तिनं मार्ग सांगितला. "नोंद खोटी होती, सगळी माझ्या मनची होती, असं लिहून दे. पोर त्याच दिवशी घरी येईल."

"आणि माझं?"

"तुझं जाईल. खोटी नोंद करणाऱ्याला ठेवत नाहीत."

काटेवालीनं तीन ओळींचं पत्र लिहिलं. लिहिताना तिला वाटलं होतं जड जाईल, पण नाही गेलं. बसमध्ये शेजारी बसलेल्या धाकटीला तिनं ते दाखवलं. धाकटीनं वाचलं, दोनदा वाचलं. "नोकरी जाईल ना?" तिनं विचारलं.

"जाऊ दे. मी घरी बसेन. तिच्याजवळ."

"आणि खायचं काय?"

"बघू," काटेवाली म्हणाली. धाकटीनं खिडकीबाहेर तोंड केलं.

भिंगरीला ठेवलं होतं ते बालगृह स्वच्छ होतं. फरशी नुकतीच पुसलेली, ओळीनं खाटा, ओळीनं छोटे बूट. समितीच्या बाई म्हणजे तीच चष्म्याची बाई निघाली. तिनं दोघींना बसायला लावलं, पाणी दिलं आणि मुलीला बोलावलं.

भिंगरी आली. पायात बूट, केस बारीक कापलेले. आधी थबकली, मग "आई" म्हणून धावत येऊन धाकटीच्या मांड्यांना बिलगली. धाकटीनं तिचं तोंड, मान, हात, सगळं चाचपून पाहिलं, सासूबाई चाचपतात तसं. मग पोरगी मामीकडे वळली आणि सवयीनं दोन्ही हात वर केले.

काटेवालीनं तिला उचललं. बारा वर्षं मुलं तोलून तिचे हात काट्याच्या आधी बोलायला शिकले होते. हातांनी आकडा सांगितला. ती पोरीला तशीच धरून उभी राहिली.

धाकटी तिच्या तोंडाकडेच बघत होती. "किती?"

"बूट आहेत ना पायात, त्यामुळे..."

"वहिनी. किती?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. पत्रात तर लिहिलंच होतं. पण धाकटीच्या डोळ्यांत बघून तिची जीभ वळेना.

"दीड किलो वाढलीय," ती म्हणाली. "बूट सोडून."

धाकटीनं मान हलवली. मग खाली बसून लेकीला समोर घेतलं. "पोट भरतं का गं इथं?"

"दोनदा वाढतात," भिंगरी म्हणाली. "मागितलं की तिसऱ्यांदा पण." मग तिला एकदम आठवलं. "आजीला कोण सांगतं, कोण आलं ते?"

"मी सांगते," धाकटी म्हणाली.

"तू तर खडीवर असतेस."

धाकटीनं लेकीच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली. हातांना भेगा पडलेल्या, नाडी पुन्हा पुन्हा अडकत होती, तरी तिनं कुणाला बांधू दिली नाही.

समितीच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही काही लेखी देणार आहात असं कळलं. द्या, मी आजच बघते."

काटेवालीनं पत्र काढलं. धाकटी उभी राहिली आणि तिनं ते वहिनीच्या हातातून अलगद काढून घेतलं, घडी मोडू न देता.

"लेखी काही नाही बाई," ती म्हणाली. "राहू दे तिला इथं. पाऊस पडेपर्यंत."

"पाऊस असं लिहिता येत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "सहा महिने लिहू?"

"लिहा."

तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर. भिंगरीला दुसऱ्या मुलींनी खेळायला हाक मारली आणि ती गेली, जाताना दोनदा मागे वळून बघितलं. काटेवालीच्या डोळ्यांना धार लागली होती. धाकटीचे डोळे कोरडे होते.

बस यायला वेळ होता. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. डोक्यावर सावली नव्हती. काटेवालीला राहवेना.

"धाकटे, शिव्या तरी दे मला. महिना झाला, त्याबद्दल एक शब्द बोलली नाहीस. तोंडावर थुंक, पण बोल काहीतरी."

"कशाबद्दल देऊ शिव्या?" धाकटी म्हणाली. लांबून बस येताना दिसत होती, तिनं तोंडाला फडकं गुंडाळायला घेतलं. "त्या नोंदीत खोटं लिहिलं असतंस ना वहिनी, तर आत्ता पोरीला घेऊन उभी असते मी इथं."